दिवा चालू असतानाच वाकलेला स्फटिक पुन्हा सरळ होतोय. माझं समीकरण कुठे चुकतंय?

दवबिंदू

गेले तीन आठवडे एकाच आलेखापुढे बसले आहे, आता मदत हवी. विषय थोडा आडवाटेचा आहे म्हणून आधी पार्श्वभूमी सांगते.

काही स्फटिक उजेड पडला की आकार बदलतात. वाकतात, पीळ खातात, लांबतात, काही तडकून उडतात. गोष्ट नवी नाही. सँटोनिनचे स्फटिक उन्हात पिवळे पडून फुटतात हे ट्रॉम्सडॉर्फ यांनी १८३४ सालीच नोंदवून ठेवलं होतं. मी काम करते ते अँथ्रासीनच्या कुळातल्या एका संयुगावर. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की समोरासमोरचे दोन रेणू जोडले जाऊन डायमर बनतो. डायमरची ठेवण वेगळी, त्याला जागाही वेगळी लागते, त्यामुळे माझा स्फटिक लांबीच्या दिशेने प्रसरण पावतो.

प्रयोग साधा आहे. ८० मायक्रॉन लांब, ५ मायक्रॉन जाड सुईसारखा स्फटिक, एक टोक चिकटवलेलं, दुसरं मोकळं. प्रकाश एकाच बाजूने, तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिवॅट. स्फटिक दिव्यापासून दूर वाकतो. उजेडाकडची बाजू लांबते, त्यामुळे हे अपेक्षितच आहे.

गणित असं मांडलं: प्रकाश आत जाताना बिअर-लँबर्टच्या नियमाने घातांकी पद्धतीने कमी होतो. जिथे प्रकाश जास्त तिथे डायमर जास्त, जिथे डायमर जास्त तिथे विकृती (लांबीत पडणारा फरक भागिले मूळ लांबी) जास्त. मग त्या विकृतीवरून तुळईच्या सिद्धांताने वक्रता काढली. उत्तर येतं की वक्रता वाढत जाईल आणि एका जागी स्थिरावेल.

प्रत्यक्षात पहिली दोन मिनिटं आलेख छान जुळतो. पाचव्या मिनिटाच्या आसपास वक्रता शिखर गाठते आणि मग उतरायला लागते. दहा-अकरा मिनिटांनी स्फटिक जवळजवळ सरळ, आणि दिवा तसाच चालू! डायमर पुन्हा तुटत असावा असं धरून उलटी अभिक्रिया घातली, तर आलेख जुळला. पण त्या अभिक्रियेचा दर स्फटिकाच्या जाडीप्रमाणे बदलतोय. रेणूला आपण किती जाड स्फटिकात बसलोय हे कसं कळणार? म्हणजे पायाच चुकलाय. कुठे, ते सापडत नाहीये.

रेघोटी

छान धागा, वाचतेय. मला यातलं फार कळत नाही, पण एक शंका. दिव्याने स्फटिक तापतही असेल ना? आधी एक बाजू गरम होऊन वाकला, मग सगळा सारखा तापला आणि सरळ झाला, असं नसेल?

वक्ररेषा

रेघोटी, शंका रास्त आहे. पण वेळ पाहा. उष्णतेला जाडी ओलांडायला लागणारा वेळ साधारण जाडीचा वर्ग भागिले उष्णतेचा विसरणांक. सेंद्रिय स्फटिकांत तो दर सेकंदाला १०⁻⁷ चौरस मीटरच्या घरात असतो. ५ मायक्रॉनसाठी वेळ येतो पाव मिलिसेकंद. इथे गोष्ट मिनिटांची आहे, म्हणजे हे उष्णतेचं काम नव्हे. उष्णतेने वाकणारे स्फटिक असतात, जपानमध्ये कोशिमा यांच्या गटाने त्यावर पुष्कळ काम केलंय, पण त्यांचा वेग निराळ्याच पातळीवरचा.

दवबिंदू, तुमची चूक मला दिसतेय असं वाटतं. उलटी अभिक्रिया काढून टाका. बिअर-लँबर्ट वापरलात ते ठीक, पण तो *पहिल्या क्षणाचा* नियम आहे. प्रकाश शोषणारे रेणू तेवढेच राहतात असं त्यात गृहीत आहे. तुमच्याकडे तर शोषणारा रेणूच अभिक्रियेत संपतोय! डायमर झाला की अँथ्रासीनची मधली सलग जोडणी तुटते आणि ३६५ नॅनोमीटरला तो जवळपास पारदर्शक होतो. वरचा थर संपला की प्रकाश अडखळत नाही, थेट पुढच्या थरावर पडतो. तो संपला की त्याच्या पुढच्या.

म्हणजे दोन समीकरणं एकत्र सोडवायची. एक, न बदललेले रेणू वेळेनुसार किती घटतात (घट ही प्रकाश गुणिले उरलेले रेणू यांच्या प्रमाणात). दोन, प्रकाश खोलीनुसार किती घटतो (हीसुद्धा उरलेल्या रेणूंच्या प्रमाणात). उत्पादन पारदर्शक असेल तर उत्तर येतं एक सरकती सीमा: अलीकडे सगळं बदललेलं, पलीकडे सगळं मूळचं, आणि सीमा ठरावीक वेगाने आत सरकतेय. शेतात पाणी सोडल्यावर ओलीची कड पुढे सरकते तशी.

सीमा किती रुंद? तुमच्या संयुगाचा मोलर शोषणांक (प्रकाश किती जोरात शोषला जातो त्याचं माप) ३६५ ला ५,००० ते १०,००० च्या दरम्यान असेल, तर घन स्फटिकात प्रकाशाची पहिली पोच (जिथे तो सुमारे ३७ टक्के उरतो ती खोली) जेमतेम ०.१ मायक्रॉन. ५ मायक्रॉनपुढे ती रेघच समजा.

आता वाकण्याकडे येऊ. बदललेल्या थराची जाडी क, एकूण जाडी ज, बदललेल्या पदार्थाची विकृती व. दोन्ही भागांचा यंगचा गुणांक (ताठरपणाचं माप) सारखा धरला तर:

वक्रता = ६ × व × क × (ज − क) ÷ ज³

हे सूत्र शांतपणे बघा. क शून्य असताना वक्रता शून्य. क = ज झालं, म्हणजे सगळा स्फटिक बदलला, तरीही शून्य. सगळ्यात जास्त वाकतो तो सीमा बरोबर मध्यावर असताना. वाकण्याला लागतो तो दोन बाजूंमधला फरक. मधल्या रेषेच्या अलीकडे बदललेला प्रत्येक थर वाकवायला मदत करतो, रेषा ओलांडल्यावर बदललेला प्रत्येक थर ते वाकणं परत घेतो.

मध्यावर किंमत येते १.५ × व ÷ ज. टिमोशेन्को यांनी १९२५ साली द्विधातू पट्टीसाठी जे सूत्र दिलं, त्यात दोन्ही थर समान जाडीचे आणि समान ताठर धरले तर हेच उत्तर मिळतं.

आणि तुमच्याच आकड्यांकडे बघा: शिखर पाचव्या मिनिटाला, सरळ दहा-अकराव्या मिनिटाला. सीमा स्थिर वेगाने चालत असेल तर शिखर निम्म्या वेळात यायलाच हवं.

दवबिंदू

दोनदा वाचलं, मग कागदावर स्वतः सोडवून पाहिलं. जाडीवर अवलंबून असणारा तो ‘दर’ म्हणजे सीमेला पलीकडच्या काठाला पोचायला लागणारा वेळच होता. जाड स्फटिक, जास्त वेळ. मी त्याला रसायनाचा स्थिरांक समजून बसले होते.

पण एक अडचण आहे. उलट्या अभिक्रियेनेही आलेख जुळतोच. एका जाडीच्या एका आलेखावरून दोन्हींतला फरक कसा दाखवायचा?

वक्ररेषा

लांबी मोजा. वक्रता आणि लांबी या दोन स्वतंत्र साक्षी आहेत. सरासरी विकृती = व × क ÷ ज, ती फक्त वाढत जाते. उलटी अभिक्रिया होत असेल तर स्फटिक सरळ होताना मूळ लांबीकडे परत येईल. सीमेचं चित्र बरोबर असेल तर तो सरळ होईल आणि लांबच राहील. शिखराच्या वेळी लांबीतली वाढ शेवटच्या वाढीच्या निम्मी असायला हवी. या प्रयोगात पळवाट नाही.

आणखी एक पडताळा. सीमेचा वेग = क्वांटम यील्ड (शोषलेल्या दर फोटॉनमागे बदलणारे रेणू) × दर सेकंदाला दर चौरस सेंटीमीटरवर येणारे फोटॉन ÷ दर घन सेंटीमीटरमधले रेणू. ३६५ नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा ५.४ × १०⁻¹⁹ जूल, म्हणजे १० मिलिवॅटला साधारण १.८ × १०¹⁶ फोटॉन. अँथ्रासीनसारख्या स्फटिकात रेणू सुमारे ४ × १०²¹. प्रत्येक फोटॉनने एक रेणू बदलला तर वेग येईल सेकंदाला ४६ नॅनोमीटरच्या आसपास. तुमची सीमा ६०० सेकंदांत ५ मायक्रॉन गेली, म्हणजे ८ नॅनोमीटर. यील्ड ०.१८ च्या आसपास निघतं. हे जाडीवर अवलंबून राहतं का, तपासा.

पारा

रसायनवाल्याचे दोन शब्द. वक्ररेषा यांचं चित्र पटलं, पण ‘उत्पादन पारदर्शक’ हे वाक्य इतक्या सहज सोडून देऊ नका. डायमर पारदर्शक असतो हे खरं. पण *जोडीदार न मिळालेल्या* रेणूंचं काय?

समजा स्फटिकात रेणू पत्त्यांच्या चवडीसारखे समान अंतरावर रचलेले आहेत. प्रत्येकाला वरचा शेजारीही चालतो आणि खालचाही. जोड्या कशाही जमत गेल्या की काही रेणू दोन्हीकडून एकटे पडतात. ओळीतल्या अशा एकट्यांचं प्रमाण फ्लोरी यांनी १९३९ साली पॉलिमरच्या संदर्भात काढलं होतं. ते येतं ई चा उणे दुसरा घात, म्हणजे १३.५ टक्के. हे १३.५ टक्के रेणू तिथेच बसून प्रकाश शोषत राहतात.

आता ०.१ मायक्रॉनची पोच घ्या. बदललेल्या थरातून ती होईल ०.१ ÷ ०.१३५, म्हणजे ०.७४ मायक्रॉन. ५ मायक्रॉनपर्यंत जायचं तर सीमा वाटेतच मंदावेल. स्थिर वेगाच्या जागी लॉगरिदमी चाल येईल आणि पूर्ण जाडी पार करायला शंभरपटीहून जास्त वेळ लागेल. तुमचा स्फटिक दहा-अकरा मिनिटांत सरळ झाला, यावरून माझा अंदाज: तुमच्याकडे रेणू चवडीत नाहीत, आधीच जोड्या-जोड्यांनी बसलेले आहेत. प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला, त्यामुळे एकटं कोणी उरत नाही.

वाकण्याच्या आलेखावरून आतली रचना ओळखता येणं ही मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये सिनॅमिक आम्लावर हेच दाखवलं होतं, फक्त उलट दिशेने: रचना बघून अभिक्रिया सांगायची. अल्फा आणि बीटा रूपांत दुहेरी बंध समांतर असून साधारण ४.२ अँगस्ट्रॉमच्या आत असतात, त्यांची अभिक्रिया होते. गॅमा रूपात अंतर जास्त, तिथे काही होत नाही. रेणू तोच, फक्त रचना वेगळी.

दवबिंदू

पारा, अंगावर काटा आला. क्ष-किरणांची रचना आमच्याकडे आहे आणि रेणू खरोखरच समोरासमोर जोड्यांनी बसलेले आहेत. एका जोडीतून दुसऱ्या जोडीपर्यंतचं अंतर बरंच जास्त. मी हे धाग्यात लिहिलंच नव्हतं!

जिज्ञासा_

मी फक्त वाचक आहे. डायअरिलइथीनचे स्फटिक अतिनील प्रकाशात रंगीत होतात असं वाचलं होतं. त्यांना हेच सूत्र लागेल का?

पारा

चांगला प्रश्न. तिथे चित्र उलटं होतं. डायअरिलइथीनचं वलय मिटलं की रेणू रंगीत होतो आणि तो रंगीत रेणू अतिनीलही शोषतो. म्हणजे वरचा बदललेला थर खालच्यांना सावली देतो. सीमा आत धावत नाही, बदल पृष्ठभागाजवळ अडकतो, म्हणून स्फटिक वाकला की वाकलेलाच राहतो. सरळ करायचा तर दृश्य प्रकाश द्यावा लागतो. इरिए, कोबाताके आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलेले स्फटिक याच जातीचे: चौकोनी स्फटिकाचा तिरका समभुज चौकोन होणं, बारीक कांडीने सोन्याचा कण ढकलणं. रंग जाणारे आणि रंग येणारे, या दोन जातींचं गणित वेगळं ठेवा.

वक्ररेषा

यात एक भर. बदल उथळ राहिला तर दवबिंदूंचं मूळ घातांकी गणितच चालतं. विकृती खोलीबरोबर घातांकाने घटते असं धरून वक्रता काढली, की ती सर्वाधिक येते पोच ही जाडीच्या सुमारे ०.३७ पट असताना. पोच फार कमी असेल तर फक्त कातडीच ताणली जाते, फार जास्त असेल तर सगळंच सारखं ताणलं जातं. दोन्हीकडे वाकणं कमी. वॉर्नर आणि महादेवन यांनी २००४ मध्ये प्रकाशाने वाकणाऱ्या तुळया आणि पातळ पट्ट्यांसाठी हा विचार नीट मांडलाय. पोच वाढवायची तर शोषणपट्ट्याच्या काठावरची तरंगलांबी निवडतात, तिथे शोषण कमी असतं.

कोनमापक

सगळे वाकण्यातच अडकलेत, पीळही त्याच सूत्रातून निघतो हे कुणीतरी सांगायला हवं.

विकृती म्हणजे एक आकडा नव्हे. स्फटिक एका दिशेने लांबतो, दुसऱ्या दिशेने आखडतो आणि कोनही बदलतो. ती पूर्ण काढायची रीत: आधीच्या युनिट सेलचे (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ठोकळ्याचे) तीन सदिश एका मॅट्रिक्समध्ये मांडा, नंतरच्या सेलचे तीन दुसऱ्यात, दुसऱ्याला पहिल्याच्या व्यस्ताने गुणा. जो मॅट्रिक्स येईल त्यातून फिरणं वेगळं काढा, उरते ती विकृती. एक इशारा माझ्या अनुभवातला: सॉफ्टवेअर नव्या सेलचे अक्ष स्वतःच्या नियमाने निवडतं. जुना ‘अ’ अक्ष म्हणजे नवा ‘अ’ अक्षच असेल असं नाही. मी यात एक पूर्ण महिना घालवला. स्फटिक १२ टक्के लांबतो असं उत्तर यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं की जेमतेम १.

मग बघा स्फटिकाची लांब कड कोणत्या दिशेने आहे. विकृतीचे मुख्य अक्ष त्या कडेशी जुळत असतील तर स्वच्छ वाकणं. तिरके असतील तर कातर विकृतीचा (कोन बदलण्याचा) भाग शिल्लक राहतो आणि तोच ६ × क × (ज − क) ÷ ज³ हा गुणक त्याला लागतो. वाकण्याऐवजी, किंवा वाकण्यासोबत, पीळ मिळतो. म्हणूनच एकाच पदार्थाची एक पट्टी वाकते आणि वेगळ्या दिशेने वाढलेली दुसरी मळसूत्रासारखी फिरते. सीमा पलीकडे पोचली की हा पीळही सुटायला हवा. रुंद पट्ट्यांना मात्र हे जसंच्या तसं लावू नका, दोन दिशांना एकदम वाकायचं म्हटलं की पृष्ठभाग ताणला जातो.

रेघोटी

आता बरंच कळतंय. मग हे सगळे स्फटिक फुटत का नाहीत? सँटोनिनचे तर फुटतात.

वक्ररेषा

रेघोटी, याचं उत्तर ग्रिफिथ यांनी १९२१ साली काचेसाठी दिलं होतं. तडा गेला की दोन नवे पृष्ठभाग तयार होतात, त्यांना ऊर्जा लागते. साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा ती किंमत देऊ शकली तरच तडा जातो. ऊर्जा घनफळावर अवलंबून, किंमत क्षेत्रफळावर. म्हणून लहान स्फटिक वाचतात, मोठे फुटतात.

ढोबळ आकडे घ्या: यंगचा गुणांक १० गिगापास्कल, दाबून धरलेली विकृती १ टक्का, दोन पृष्ठभागांची मिळून ऊर्जा दर चौरस मीटरला ०.१ जूल. स्फटिकाच्या आकाराची मर्यादा येते ०.२ मायक्रॉन. अल्-कायसी, म्यूलर आणि बार्डीन यांनी २००६ मध्ये अँथ्रासीनच्या एका एस्टरच्या २०० नॅनोमीटर व्यासाच्या कांड्या १५ टक्क्यांपर्यंत लांबवल्या आणि त्या तुटल्या नाहीत. त्याच पदार्थाचे मोठे स्फटिक उजेडात भुगा होतात. दवबिंदूंचा ५ मायक्रॉनचा स्फटिक टिकतो, कारण वाकून तो बरंचसं प्रतिबल (आतला ताण) सोडून देतो. घट्ट चिकटवून वाकूच दिला नाही तर तो तडकेल असं मला वाटतं.

जिथे ही सुटका वेळेवर होत नाही तिथे स्फटिक उड्या मारतात. कोबाल्टच्या एका नायट्रो संयुगाचे उड्या मारणारे स्फटिक नौमोव आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले. त्याच संयुगाच्या वाकण्यावरून चिझिक, बोल्दिरेवा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अभिक्रियेचे स्थिरांक आणि सक्रियण ऊर्जाही काढल्या. दवबिंदू, तुमच्यासाठी तो जवळचा नमुना आहे.

दवबिंदू

लांबी मोजून झाली! मोकळ्या टोकापासून चिकटवलेल्या टोकापर्यंत, वाकलेल्या मधल्या रेषेवरून.

स्फटिक सरळ झाला आणि लांबच राहिला. ८० मायक्रॉनचा ८१.६ झाला, म्हणजे २ टक्के. शिखराच्या वेळी वाढ ०.८ च्या जवळ होती, बरोबर निम्मी. या २ टक्क्यांवरून सूत्राने शिखराची वक्रता-त्रिज्या १६७ मायक्रॉन यायला हवी, मी मोजली ती १८० च्या आसपास. उलटी अभिक्रिया कायमची वगळली. यील्ड आता तीन वेगवेगळ्या जाड्यांना जवळपास एकच येतंय.

उतरणीची बाजू चढणीपेक्षा थोडी लांबट आहे, ते अजून सुटलेलं नाही.

वक्ररेषा

उतार लांबट असायलाच हवा. शिखराला तुमचं मोकळं टोक २७ अंशांच्या आसपास कललेलं असेल. २७ अंशांची कोज्या ०.८९, म्हणजे टोकाला ११ टक्के कमी प्रकाश. टोकाकडची सीमा मागे राहते, म्हणून शेपूट लांबते. क हा पूर्ण लांबीत एकच न धरता प्रत्येक ठिकाणचा वेगळा धरा आणि कोनानुसार सोडवत जा. मोठं गणित करायचं असेल तर एक युक्ती: फायनाइट एलिमेंटच्या (वस्तूचे छोटे तुकडे पाडून गणित करणाऱ्या) सॉफ्टवेअरला बदललेल्या रेणूंचं प्रमाण ‘तापमान’ म्हणून द्या आणि विकृती ‘उष्णतेचं प्रसरण’ म्हणून, कातर भागासकट. सॉफ्टवेअरला फरक कळत नाही, उत्तर बरोबर येतं.

कोनमापक

आणखी एक प्रयोग सुचवतो. दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश द्या. दोन सीमा समोरासमोरून येतील, मध्ये भेटतील. स्फटिक न वाकता फक्त लांबेल, आणि वेळ निम्मा लागेल.

वक्ररेषा

उत्तम. आणि दिवे अगदी सारखे नसले तरी चालेल. तीव्रतेत १० टक्के फरक असेल तर जास्तीत जास्त वक्रता एका बाजूच्या प्रयोगाच्या विसाव्या भागाइतकी येते, तीही भेटीच्या निम्म्या वेळाला.

दवबिंदू

केला. लांबी साडेपाच मिनिटांत स्थिरावली. स्फटिक अडीच मिनिटांच्या सुमारास किंचित कलला, तीव्र दिव्यापासून दूर, आणि परत आला. डोळ्यांना दिसलं नाही, चित्रं एकावर एक ठेवून मोजल्यावर सापडलं.

त्याच नमुन्यात तिरक्या दिशेने वाढलेल्या तीन पट्ट्या मिळाल्यात, कोनमापक. उद्या त्यांचे पृष्ठभाग क्ष-किरणांनी ओळखून घेते आणि तुमच्या रीतीने मॅट्रिक्स काढते. अक्ष तपासूनच इथे टाकेन.